मधोमध लावलेली चासी

ताईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. गॅरेज घराला लागूनच, मधे नुसतं एक पत्र्याचं दार. तिथे कुणी शिंकलं तरी स्वयंपाकघरात कळायचं, मग भांडण काय लपणार?

“तुझं वेल्डिंग बघून वाटतं, चिमण्या शिटून गेल्यात!” ताईचा धाकटा मुलगा ओरडत होता.

“आणि तुझा रंग रे? गंजावर पावडर फासलीस नुसती! गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढलीस.” हा थोरला. “बास झालं. गवंडी बोलावतो आणि मधे भिंत घालतो. तू तिकडे, मी इकडे.”

“घाल की! चांगली जाड घाल, तुझी ठोकाठोक तरी ऐकू यायची नाही.”

थोरल्याने खडू घेतला आणि फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

नवरा गेल्यावर ताईने या दोघांना कसं वाढवलं, ते तिचं तिला ठाऊक. आज गॅरेजात, उद्या घरात भिंत उठली तर आपण कुठल्या बाजूला झोपायचं, एवढाच प्रश्न त्या दिवसापासून तिच्या डोक्यात घोळत राहिला. तोंडाने मात्र ती काही बोलली नाही. बोलली असती तर दोघं मिळून तिच्यावरच उखडले असते. तेवढ्यापुरती एकी झाली असती म्हणा!

गॅरेजात तिसरा माणूस होता मामा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. मेहुणे गेले तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आला आणि मुक्कामच ठोकून बसला. अंगाने दांडगा, डोक्यावर केस नावाला. त्याला ना वेल्डिंग यायचं, ना रंगकाम. हलवाहलव मात्र सगळी त्याच्याकडे. जुनी गाडी नव्यासारखी करायची म्हणजे आधी तिचं सगळं उतरवायचं: पत्रा, इंजिन, सीटा, काचा. मग उरतो तो लोखंडी सांगाडा. त्याला म्हणायचं चासी. ती कधी थोरल्याकडे गंज कापायला, कधी धाकट्याकडे रंगाला, पुन्हा थोरल्याकडे भोकं पाडायला. मामाने दवाखान्यातल्या मोडक्या खाटांची चाकं आणून एक बुटका गाडा केला होता. त्यावर चासी चढवायची आणि तान्हं बाळ फिरवावं तशी फिरवायची.

चासीबरोबर निरोपही फिरायचे.

थोरला म्हणायचा, “मामा, त्या रंगाऱ्याला सांग, जोड राहिलाय, कडेला ब्रश लावलास तर याद राख.”

मामा रेघ ओलांडून जायचा. “दादा म्हणतोय, तेवढी कड सोड. बाकी काम बघत राहावं असं झालंय.”

“असं म्हणाला?”

“मग काय, मी खोटं बोलतोय?”

बोलत होता. ताई दाराआडून ऐकायची आणि पदर तोंडाला लावायची.

गवंडी पहिल्यांदा आला तेव्हा अंगणात विटा येऊन पडल्या होत्या. आत बघतो तर चासी बरोबर रेघेवर उभी, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

“ही जरा हलवा,” गवंडी म्हणाला.

“चाक अडकलंय हो. कसं हलवू?” मामा डोकं खाजवत म्हणाला.

पुढच्या खेपेला रंग ओला होता. त्याच्या पुढच्या खेपेला जोड गरम होता. शेवटी गवंडीच वैतागला. “मामा, ही तुमची गाडी सुकणार तरी कधी?”

“राग सुकला की सुकेल.”

एक चासी गेली की दुसरी यायची. मामा रोज संध्याकाळी ती ढकलत नेऊन रेघेवर लावायचा, चाकांना लाकडी ठोकळे द्यायचा, मग हात धुवायचा. खडू कधीच पुसला गेला, पण मामाला रेघ पाठ होती. पोरं आपापल्या तोऱ्यात, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. ताईच्या आलं होतं. भावाच्या कपात ती साखर जरा जास्तच घालू लागली, एवढंच.

अशी वर्षं गेली. मामाला दम लागू लागला. डॉक्टरांनी ओझं ढकलायचं नाही म्हणून बजावलं, आणि नेमकी तेव्हाच एका ट्रकची चासी आली. त्या संध्याकाळी ताईला आधी चाकाची करकर ऐकू आली, मग करकर थांबली आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला, धापेचा. ती धावली. मामा चासीवर ओणवा झाला होता. एवढी वर्षं गिळलेला आवाज तिच्या तोंडून एकदम बाहेर पडला.

“अरे, मेलात का दोघं? या इकडे!”

दोघं दोन बाजूंनी धावले. एकाने पाणी दिलं, एकाने स्टूल दिलं. मामाला जरा बरं वाटल्यावर तो म्हणाला, “ती तेवढी लावून टाका.”

एक या टोकाला, एक त्या टोकाला. समोरासमोर. आता न बोलून भागणार कसं?

“डावीकडे घे,” थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

“कुणाच्या डावीकडे?”

“माझ्या!”

“मग तसं सांग ना, दादा.”

ताईने मामाच्या स्टुलाची कड घट्ट धरली.

“कुठवर न्यायची, मामा?” थोरल्याने विचारलं.

“तिथवर. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.”

थोरला थबकला. फरशीकडे बघितलं, मामाकडे बघितलं. “म्हणजे ते अडकलेलं चाक...”

“चाकाला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे ते.”

आधी धाकटा हसला. मग थोरला. विटा पुढे शेजाऱ्याने नेल्या, कुंपणाला.

तरी मामाची संध्याकाळ बदलली नाही. जड चासी पोरं ढकलायची, हलकी असली तर तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. “मामा, आता कशाला? भिंत घालतंय कोण?” धाकटा चिडवायचा.

“हातांना सवय आहे रे. गप्प बसवत नाही त्यांना.”

मामाच्या आयुष्यातल्या शेवटच्या दिवशी एका छोट्या मोटारीची चासी होती. मामाने ती सावकाश ढकलत आणली, एका डोळ्याने नेम धरला, वीतभर मागे घेतली. चारही चाकांना ठोकळे दिले, पायाने दाबून बघितले. दिवा मालवला आणि दारातून हाक मारली, “ताई, लावली गं. टाक चहा.”