गालिच्याचा घास

किरगिझस्तानात डॉक्टरकी शिकून माझी लेक लातूरला परतली, ती लोकरीचे दोन थर शिवून केलेला जाड गालिचा घेऊनच. त्यावर मेंढ्याच्या वळणदार शिंगांची लाल-काळी नक्षी.

"ही शिंगं म्हणजे बरकत, आजी. घरात कुणी उपाशी राहत नाही," लेक म्हणाली.

सासूबाईंनी चारी कोपरे चाचपले. "मग घास कुठं हाय?"

आमच्याकडं गोधडीचा शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालतात. गोधडी उपाशी ठेवत नाहीत.

सासूबाईंनी कात्री मागितली, तशी मी ओरडलेच. पण लेक हसत हसत स्वतःच कोपरा उसवायला बसली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आत गेला, वर टाके पडले.

"मेंढरं येवढ्या लांबून आली," सासूबाई माझ्यावरच डाफरल्या, "आन् तू साधं पाणीबी इचारलं न्हाईस!"