मोकळा दिवस

आमच्या वसतिगृहाच्या मेट्रनला सगळे मावशी म्हणायचे. मुली म्हणायच्या, प्राचार्यबाई म्हणायच्या, आणि मी तिथल्या ऑफिसात कारकून म्हणून लागले तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणायला लागले. खरी भाची त्यांना एकही नव्हती. लग्नानंतर चार वर्षांनी नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात गेला. जाताना "जागा मिळाली की बोलावतो" म्हणाला, आणि ती जागा त्याला कधी मिळालीच नाही. दोन वर्षं वाट बघून मावशी भावाकडे आल्या, आणि भावाकडून वसतिगृहात. फाटकाजवळची एक खोली, लोखंडी कॉट, भिंतीवर चाव्यांचा फळा. बावीस वर्षं त्या तिथंच होत्या. घरून फोन आला की कोण रडतं, कोण गीझर चालू ठेवून विसरतं, कोण भरल्या ताटावरून उठून जातं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

त्या वर्षी इतिहासाच्या मुलींची परदेशात आठ दिवसांची सहल ठरली. सर बरोबर होतेच, पण एकोणीस मुली म्हटल्यावर कुणीतरी बाईमाणूस हवं. जायच्या ठरलेल्या मॅडमचा पाय मोडला. सहलीला अजून दोन महिने होते. प्राचार्यबाईंनी मावशींना बोलावून घेतलं.

"मावशी, तुम्ही जाल का?"

"मी तिथं जाऊन काय करू बाई? मला ओ की ठो कळायचं नाही तिथलं."

"मुलींवर लक्ष ठेवायचं. ते इथं तरी दुसरं काय करता तुम्ही?"

पासपोर्टचा अर्ज मीच भरला. नवऱ्याच्या नावाचा रकाना आला तशी मी पेन थांबवलं. मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लिही की. नाव तर आहेच."

पुढचं सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही एका दिवसात नाही.

हॉटेलात एका खोलीत दोघी अशी सोय होती. खाली सामानाच्या ढिगाऱ्याजवळ उभ्या राहून मुलींनी पटापट जोड्या लावल्या. नऊ जोड्या जुळल्या आणि एक जण उरली. तिला सगळ्या चष्मिस म्हणत. पाच जणींच्या एका कंपूबरोबर ती नेहमी दिसायची. चालताना अर्धं पाऊल मागे, फोटो काढायचा झाला की कॅमेरा हिच्याच हातात. त्या कंपूतल्या चौघी आपापसात जुळल्या होत्या, पाचवीनं दुसऱ्याच मैत्रिणीचा हात धरला होता.

"तू मावशींबरोबर राहा," सर म्हणाले.

"चालेल सर," ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की मावशींनी वळून तिच्याकडे बघितलं.

खोलीत दोघींचं फारसं बोलणं व्हायचं नाही. तुम्ही आधी अंघोळ करता का, दिवा मालवू का, एवढंच. मुलगी पलंगावर पुस्तक घेऊन बसायची आणि पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की पान उलटायचं थांबवायची.

दिवसा मावशींना काम लागलं होतं. कुठलंही संग्रहालय आलं, राजवाडा आला, की आत मोठ्या बॅगा न्यायला बंदी. मग मुली एकामागून एक यायच्या. "मावशी, जरा बघाल?" तिसऱ्या दिवशी सतरा सॅक, दोन छत्र्या आणि एक टोपी घेऊन त्या तीन तास बाहेर बसल्या होत्या. आल्यावर मी विचारलं, काय काय बघितलंत? तर म्हणाल्या, "बाकडी बघितली. लाकडाची, लोखंडाची, दगडाची. दगडाच्या वाटेला जाऊ नये, कंबर धरते." मी हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "नाही गं, कुणी मुद्दाम नाही करत. त्यांना सुचतच नाही."

सहावा दिवस मोकळा होता. सरांनी बजावलं होतं की चार-पाच जणींनी मिळून फिरायचं, एकटीनं कुणी कुठं जायचं नाही, पाचला हॉटेलात परत. नाश्ता आटोपून मुली भुर्रकन उडाल्या. चष्मिसनं नवा निळा स्वेटर घातला, केस दोनदा विंचरले.

"मी आमच्या ग्रुपबरोबर जातेय मावशी. नदीच्या पलीकडे."

"जा. कान झाक, वारं आहे."

ती गेली आणि मावशींना कळेना, आता करायचं काय. राखायला बॅग नाही, मोजायला डोकी नाहीत. त्यांनी दोन्ही पलंगांवरच्या चादरी नीट केल्या. हॉटेलची बाई येऊन परत त्याच करणार, हे ठाऊक असूनही केल्या. मग हॉटेलचं कार्ड पर्समध्ये टाकून बाहेर पडल्या. हरवायला नको म्हणून कुठंही न वळता नाकासमोर चालत राहायचं ठरवलं. एक माणूस लांब दांडीच्या रबरानं दुकानाची काच पुसत होता, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. चौकात हिरवा दिवा लागला, गेला, परत लागला; तिसऱ्यांदा लागल्यावर एका म्हातारीच्या मागोमाग रस्ता ओलांडला. मग पूल लागला. पुलापलीकडे बसथांबा होता, आणि त्याच्या समोर कपडे धुवायच्या यंत्रांचं दुकान. लोक आपापले कपडे आणतात, यंत्रात टाकतात आणि बसून राहतात, असलं.

काचेतून निळा स्वेटर दिसला.

चष्मिस आत बाकावर एकटीच बसली होती. एका हातात कागदात गुंडाळलेला पाव, मांडीवर पालथं पुस्तक. समोरच्या यंत्रात कुणाचे तरी कपडे गरगरत होते, ते बघत पाव खात होती. बाहेर गार वारं सुटलेलं, आत ऊब असणार.

मावशी दोन पावलं पुढे गेल्या. हाक मारायला तोंडही उघडलं. मग थांबल्या.

"मी आत गेले असते तर तिला सांगावं लागलं असतं ना, ग्रुप कुठाय ते," त्या मला म्हणाल्या.

त्या बसथांब्याच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या. निघून जायलाही पाय उचलेना. परक्या गावात पोर एकटी बसलेली. यंत्र थांबलं, एक बाई आली, कपडे पिशवीत भरून गेली. तशी चष्मिस उठली, सरकून दुसऱ्या चालू यंत्रासमोर जाऊन बसली. चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसला. दोन बस येऊन गेल्या. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरनं दार उघडून मावशींना काहीतरी विचारलं, त्यांनी हातानंच नाही म्हटलं. असा तासभर गेला असेल. अखेर मुलगी उठून बाहेर आली आणि पुलाकडे न जाता नदीकाठच्या बागेकडे वळली. तिथं पुष्कळ माणसं होती, पोरंबाळं होती. तेव्हा कुठं मावशी माघारी फिरल्या. त्यांचे पाय गारठून लाकूड झाले होते.

पाचला पाच मिनिटं कमी असताना चष्मिस खोलीत आली.

"काय मज्जा आली मावशी! आम्ही बोटीत बसलो."

"हो? केवढी होती बोट?"

"मोठी. वर गच्चीसारखं होतं, तिथं खुर्च्या होत्या."

"वारं लागलं असेल."

"लागलं ना. पण मज्जा आली." तिनं स्वेटर काढून घडी घालायला घेतला. "तुम्ही काय केलंत?"

"मी मेली काय करणार? झोपले."

सहलीहून परतल्यावर महिन्याभरानं तिचे वडील तिला भेटायला आले. साधा माणूस, हातात फळांची पिशवी. मी ऑफिसात होते, मावशी रजिस्टर लिहीत होत्या. पिशवी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "ताई, तुमचे आभार मानायचे होते. पोरगी बोलकी नाही हो, एकटी पडेल अशी धास्ती होती मला. पण फोनवर सारखं तुमचंच. मोकळ्या दिवशी तुम्ही दोघी बोटीत बसलात म्हणे?"

मावशींनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही बघितलं.

"बसलो की," त्या म्हणाल्या. "वर खुर्च्या होत्या. छान वारं होतं."

ते गेल्यावर त्यांनी फळं धुतली, एक माझ्या हातात दिलं आणि बसथांब्याची सगळी हकिकत सांगितली. मला राहवलं नाही. "मग हाक मारायची ना मावशी! खरंच बसला असतात दोघी बोटीत."

"आता तेच वाटतंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा वाटलं, तिला लाज वाटेल. लाजेचं मला जरा जास्तच कळतं, म्हणून चुकले बघ."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला गाठलं. बाजारात चप्पल घ्यायला येतेस का विचारलं. "सबमिशन आहे मावशी," म्हणाली. पंधरा दिवसांनी परत विचारलं, तेव्हा आली. मावशींनी दुकानात सात जोड पायात घालून बघितले आणि एकही घेतला नाही. दुकानदाराचं तोंड बघून मुलगी खुदकन हसली म्हणे. येताना दोघी बसऐवजी चालत आल्या. काय बोललात, मी विचारलं. "काही नाही गं. ती म्हणाली पाय दुखतात, मी म्हटलं माझेपण."

त्यानंतर परीक्षा आल्या. परीक्षा संपल्यावर मुली खोल्या रिकाम्या करू लागल्या. चष्मिसला दुसऱ्या शहरात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. ती चावी द्यायला आली तेव्हा मावशी डोळे तपासायला दवाखान्यात गेल्या होत्या. खाली रिक्षा उभी होती, वडील हाका मारत होते. ती फाटकाकडे बघत पाच-दहा मिनिटं थांबली, मग चौदा नंबरची चावी माझ्या हातात देऊन गेली.

मावशी डोळ्यांत औषध घातलेल्या, भिंतीला धरून धरून आत आल्या.

"चौदा नंबर गेली का?"

"आत्ताच. थांबली होती तुमच्यासाठी."

"काही म्हणाली?"

"नाही."

"किती वेळ थांबली?"

मी सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, मी चावी दिली. डोळ्यांना अंधुकच दिसत होतं, तरी फळ्यावरचा खिळा चाचपून त्यांनी ती स्वतःच अडकवली. मग खुर्ची ओढून फाटकाकडे तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "मला जरा रजिस्टर वाचून दाखव, अजून कोण कोण जायचंय."