आईच्या नावाचे मोजे

शहापूरच्या मैदानावर सकाळी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळायला यायच्या, तेव्हा मी हातात शिट्टी घेऊन उभी असायची. ड्युटी सुरू होण्याआधीचा हा माझा उद्योग. कुणी सांगितलेला नाही, त्याचा पगार नाही, आणि मुली माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक होतं. तेव्हा नोकरीत मला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. एके दिवशी त्यातली एक जण पळून झाल्यावर बॅगेतून काळी घट्ट तुमान काढून, ओढूनताणून पायांत चढवायला लागली. बाकीच्या खुदखुदल्या.

"मॅडम, कॉम्प्रेशन टाइट्स," ती म्हणाली. "पळून झाल्यावर घालायची. दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत. भावाने आणली."

"खरंच फरक पडतो का हो मॅडम?" दुसरीने विचारलं.

"आधी दोन फेऱ्या मारा," मी म्हटलं. उत्तर मला माहीत होतं, पण ते मैदानावर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. इथं देते.

आमचं गाव टोकावड्याच्या आत, रस्ता सोडून चालत अर्ध्या तासावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पहिल्यांदा पोलीस भरतीला गेले. आम्हाला लागोपाठ दोन दिवस बोलावलं होतं. पहिल्या दिवशी धावणं, दुसऱ्या दिवशी लांब उडी आणि गोळा. धावण्यात मी अशी सुटले की मागे वळून पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठले तर पाय लाकडं झालेले. भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले. उडीच्या खड्ड्याजवळ पळत आले आणि फळीच्या अलीकडेच बसकण मारली. तिन्ही वेळा तेच. शेवटच्या वेळी लिहून घेणारा माणूस हसला नाही, त्याचा मला जास्त राग आला.

गावात परतले तर माझं नाव पडलेलं होतं: हवालदारीणबाई. विहिरीवर, गिरणीत, सगळीकडे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली मी. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं, आणि या खेपेला दुसऱ्या दिवसाची तयारी करायची, असं मी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं. ती खेप शेवटची होती, कारण घरात स्थळं यायला लागली होती आणि बाबांनी एवढाच वायदा दिला होता. त्यातही अट होती. "धाव नायतर उड," ते म्हणाले, "पन कापनी चुकवायची नाय."

म्हणजे पहाटे डांबरी रस्त्याने वैशाखऱ्याच्या बाजूला पळत जायचं, परत यायचं आणि भाकरी खाऊन विळा घेऊन शेतात वाकायचं. चार दिवसांत पाय पुन्हा लाकडं झाले.

वैशाखऱ्यात लष्करातून निवृत्त झालेले एक काका होते. ते मला रोज पळताना बघायचे. एक दिवस त्यांनी थांबवून सांगितलं, "पळून झालं की पोटऱ्या आवळून बांधत जा. आमी पट्ट्या बांधायचो. पाय हलके राहतात."

आवळून बांधायचं म्हणजे कसं, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. भाताचा भारा आम्ही जन्मापासून बांधतो. मधोमध बंद घालायचा, गुडघा रोवायचा, दोन्ही हातांनी खेचायचं आणि पीळ देऊन टोक आत खोचायचं. आईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि माझ्या पोटरीचा तसाच भारा बांधला, गुडघा रोवून. सुटू नये म्हणून पीळही दिला. तासाभराने माझं पाऊल निळं पडलं, बोटं सुजली आणि पायाला मुंग्या येऊन मी ओरडायला लागले. करायला गेलो गणपती, झाला मारुती. पट्टी सोडताना आई एवढी घाबरली की मलाच तिची समजूत घालावी लागली.

माझा हट्ट मात्र सुटला नाही. मुरबाडला एका औषधाच्या दुकानात काचेमागे लांब, कातडीच्या रंगाचे मोजे टांगलेले मी पाहिले होते. शिरा फुगलेल्या माणसांसाठीचे. मी दुकानदाराला विचारलं. त्याने समजावून सांगितलं की हे घोट्याशी सगळ्यात घट्ट असतात आणि वर वर सैल होत जातात, म्हणजे पायातलं रक्त वर चढतं. ऐकताच आमची चूक माझ्या ध्यानात आली. आम्ही मधोमध आवळलं होतं.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

दुकानात आमच्या बाजूची दोन माणसं उभी होती. हवालदारीणबाई पुन्हा चालली, ही बातमी माझ्या आधी घरी पोचली असती.

"आईसाठी," मी म्हटलं.

"मग आईचं माप आण. घोट्याचं आणि पोटरीचं."

पुढच्या खेपेला मी दोन दोरे घेऊन गेले, गाठी मारलेले. दोन्ही माझ्या पायाचे. त्याने ते पट्टीवर ताणून पाहिले आणि म्हणाला, "आईची पोटरी चांगली कमावलेली दिसते."

"शेतात काम करते," मी म्हटलं. टोकावड्याच्या ढाब्यावर पावसाळाभर कांदे चिरून साठवलेलं सगळं त्या मोज्यांवर गेलं.

मग मी ते नेमाने घातले. पळून आले की पाय धुवायचे, मोजे चढवायचे, तासभर पाय भिंतीला वर टेकवून पडायचं. घरात पहिल्यांदा दिवसाढवळ्या कुणी आडवं पडलेलं दिसत होतं. बाबा बघून न बघितल्यासारखं करायचे. आई म्हणायची, "पड गो. मी जातंय शेतावर. तू मागशी ये." मागाहून म्हणजे हळूहळू दुपार झाली. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर वाहायचे असतात, ते काम माझं होतं. मी पोचेपर्यंत माझ्या वाटणीचे अर्धेअधिक भारे खळ्यावर आलेले असायचे. माझे पाय दुखायचे थांबले होते. मी सगळं श्रेय मोज्यांना देऊन मोकळी झाले होते.

कापणी सरत आली तेव्हा आई आणि मी मुरबाडच्या बाजाराला गेलो. औषधाच्या दुकानावरून जाताना दुकानदाराने मला ओळखलं आणि आईला हाक मारली.

"काय आई, मोजे बसले का?"

आईला या थापेतलं अक्षरही माहीत नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "बसले ना. बरं वाटतंय."

"घातले नाहीत आज? बघू पाय."

आईने सरळ लुगडं पोटरीपर्यंत वर केलं. तिला त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, शेतात सगळ्या बायका तशाच असतात. दुकानदार मात्र काउंटरवरून वाकून बघतच राहिला. घोट्यापासून गुडघ्यामागेपर्यंत हिरव्या-निळ्या गाठी, करंगळीएवढ्या जाड, आणि घोट्यावरची कातडी काळपट पडलेली.

"हे कधीपासून?"

"ही पोटात होती ना, तवापासून," आईने माझ्याकडे बोट केलं.

तो म्हणाला, हे मोज्यांवर भागायचं नाही, डॉक्टरला दाखवा, उभं राहणं आणि ओझं तर अजिबात नको. आईने मान डोलावली, जशी ती एस्टीच्या कंडक्टरपुढेही डोलावते.

ते पाय मी रोज बघत होते. भाताच्या आवणीत, कापणीत, चुलीपुढे. आयांचे पाय असेच असतात असं मला वाटायचं. आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचे तसेच होते. खोटं बोलायला मला दुसरं कुणी सुचलं नव्हतं म्हणून आईचं नाव घेतलं होतं, आणि ते खोटं निघालंच नाही.

घरी येताना मी तिच्यावरच चिडले. मला दुसरं काही करता येत नव्हतं. "माझे भारे कशाला वाहिलेस? पाय दुखतात हे सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय व्हनार व्हतं? भात आपल्या पायांनी चालत येनार व्हता खळ्यावर?"

"उद्यापासून मी पळणार नाही. भारे मी वाहते."

ती रस्त्यातच थांबली. आई फार क्वचित रागावते, पण तेव्हा रागावली. "म्हंजे माझे पाय गेले ते गेले, वर तुझी भरती पन जाऊ दे? हे बरं हाय तुझं. आता रायलं किती? चार भारे. तू गप पळ. मंग माझ्या पायांचं काय करायचं ते कर."

मी पळले. लाज वाटत होती तरी पळले. फक्त पळून आल्यावर भिंतीला पाय लावून पडायचं बंद केलं. मोजे घालूनच खळ्यावर जायची आणि उरलेले भारे मीच आणले. लोक मोज्यांना हसले. हसू दे म्हटलं.

भरतीच्या पहिल्या दिवशी धावून झाल्यावर मी मैदानाच्या कडेलाच बसले आणि सगळ्यांसमोर मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी उठले तर पाय दुखत होते, नाही असं नाही. पण ते माझे पाय होते, लाकडं नव्हती. पहिल्या उडीला फळीवर पाय पडला तेव्हाच मला कळलं. मोज्यांनी किती केलं, सरावाने किती आणि माझ्या वाटणीचे भारे डोक्यावर घेऊन चालणाऱ्या आईने किती, याचा हिशेब मला मांडता येत नाही. यादीत नाव लागलं.

ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा रजेवर आले ती आईला डॉक्टरकडे घेऊनच गेले. माझे मोजे तिला उपयोगाचे नव्हते. तिचा घोटा माझ्यापेक्षा जाड होता आणि पोटरी निम्मी. यावेळी दोऱ्याच्या गाठी तिच्या पायावर मारल्या आणि त्याच दुकानातून नवे मोजे आणले. डॉक्टरांनी बजावलं होतं की सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधीच ते घालायचे. एकदा उभं राहिलं की पाय भरतात, मग उपयोग कमी.

पहिल्या दिवशी मी उठले तर आईच्या भाकऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लवकर उठले, तर ती शेण काढून आली होती. "उद्या घालते," म्हणाली. आयुष्यात मी तिला झोपलेली पाहिलीच नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठले आणि तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी जाऊन बसले. ती जागी झाली आणि सवयीने उठायला लागली. मी तिचा पाय धरला.

"खाली ठेवायचा नाही."

"चूल पेटवायचीय गो."

"मी पेटवते. पडून राहा."

पोलिसात गेल्यापासून माझा आवाज चढला होता, त्याचा हा एवढाच उपयोग झाला. ती पडून राहिली. मी तिची टाच मांडीवर घेतली आणि मोजा घोट्यावरून हळूहळू वर ओढत गेले. गाठींवर बोटं फिरली तेव्हा मला रडू आवरेना. ज्या पोटऱ्या मला वाहून वाहून अशा झाल्या त्या मी पहिल्यांदा हातात धरल्या होत्या. आई आढ्याकडे बघत होती.

मग म्हणाली, "दुसरा पन घाल. आता उशीर झालाच हाय."