डोळे मिटून बसण्याचा वेळ

काळ्या दिव्याच्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि खोली उजळली. नवा दिवा वगैरे काही लागला नव्हता. तो माझा शर्ट होता.

झालं असं. राखोलीच्या आमच्या कारखान्यात पॉलिस्टरचं सूत तयार होतं आणि बॉबिनवर गुंडाळून बाहेर जातं. वेगवेगळ्या लॉटचं सूत साध्या उजेडात अगदी सारखंच पांढरं दिसतं. पण एका लॉटची बॉबिन चुकून दुसऱ्या लॉटमध्ये गेली, तर कापड रंगवल्यावर त्यात ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा उमटतो. मग सुरतेचं गिऱ्हाईक फोनवर जे बोलतं, ते मला घरात सांगता येत नाही. म्हणून पॅकिंगच्या आधी प्रत्येक ट्रॉली एका अंधाऱ्या खोलीत नेतात. तिथे एक जांभळट काळा दिवा असतो. त्याच्याखाली परकी बॉबिन जराशी वेगळी चमकते. ज्याची नजर तयार आहे त्याला ती दिसते.

आता त्या दिव्याखाली बॉबिन चमकते तसे साबणाने शुभ्र धुतलेले कपडेही चमकतात, हे मला माहीत असायला हवं होतं. कारखान्यात मला सतरा वर्षं झाली होती. पण माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर, आणि एसीत बसून माणसाला बरंच काही माहीत नसतं. मी आपला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पॅड घेऊन आत गेलो आणि निळाभोर पेटलो. पॅंटवरचे सुताचे कण चांदण्यांसारखे चमकायला लागले, ते वेगळंच.

आतला चेकर माझ्याच वयाचा, नंदुरबारकडचा. सगळा विभाग त्याला आबा म्हणतो. तो अंगात काळा गाऊन घालून ट्रॉलीपुढे उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि फार नम्रपणे म्हणाला, "साहेब, जरा बाहेर थांबता का? बॉबिनपेक्षा तुम्हीच जास्त चमकी राहिले."

बाहेर पॅकिंगच्या टेबलाशी बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, तिने पडदा हलताना आतलं पाहिलं होतं. "अगं बघा गं, घड्याळवाल्या साहेबांचा ट्यूबलाइट झाला!" दुपारच्या चहापर्यंत हे गेटवरच्या वॉचमनलाही कळलं होतं.

घड्याळवाले साहेब म्हणजे मी. माझं खरं पद 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट' असं काहीतरी आहे आणि त्या विभागात माणूस एकच. काम कुठे अडतं, कुठे वेळ वाया जातो, हे शोधायचं आणि कागदावर मांडायचं. त्यासाठी मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावून मी लोकांच्या मागे उभा राहतो. सतरा वर्षं लोकांच्या मागे उभं राहून पगार घेणारा मनुष्य म्हणून माझी सासुरवाडीत ख्याती आहे.

माल वाढला होता आणि त्या आठवड्यात पॅकिंगची बोंब होती. संध्याकाळी माल न्यायला आलेले ट्रक गेटबाहेर रस्त्यावर रांग लावून उभे राहायचे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. आमचे प्लांटप्रमुख वापीचे, मनाने चांगले, पण घाईचे. मंगळवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि त्यांच्या नेहमीच्या तीन भाषांत सांगितलं, "जुओ भाई, पॅकिंगमध्ये कुठेतरी टाइम खाऊन राहिलं आहे कोणीतरी. शोधा. शनिवार की मीटिंग में मला उत्तर पाहिजे."

बुधवारी मी गडद निळा शर्ट घातला. कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. अंधारात माझा कागद मला दिसेना, म्हणून मी मोबाइल शर्टाच्या आत धरून, चोरासारखा वाकून आकडे टिपत होतो. दोन दिवस बसलो. आबा बाहेर जायचा, ट्रॉली ओढत आत आणायचा, पडदा सारखा करायचा. मग तिथल्या लाकडी खोक्यावर बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. बराच वेळ. मग उठून ट्रॉली झरझर तपासायचा, बाहेर ढकलायचा, नवी आणायचा आणि पुन्हा डोळे मिटून बसायचा.

मला झालेला आनंद काय सांगू! आमच्या धंद्यात असा रिकामा वेळ सापडणं म्हणजे शेतात खणताना हंडा लागणं. दिवसातला जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ हा मनुष्य नुसता बसून होता! त्याला मी का बसतोस असं विचारलं नाही. पुण्याला प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, मोजताना माणसाशी बोलायचं नाही, बोललं की त्याचं काम बदलतं. सतरा वर्षं मी हे एवढं एकच पथ्य मन लावून पाळलं आहे.

गुरुवारी संध्याकाळी अहवाल पाठवला. त्यात रंगीत पट्ट्यांचं एक चित्र होतं आणि त्यातली 'बसणे' ही पट्टी मी लाल केली होती. खाली शिफारस केली: बसणं बंद करावं, जमत नसेल तर चेकर बदलावा. प्लांटप्रमुखांचा मेलवर लगेच उत्तर आलं, की शनिवारी मीटिंगमध्ये पक्कं करू, सोमवारपासून आबांना लोडिंगला टाका, चेकिंगला दुसरा माणूस बघतो. मी झोपताना बायकोला म्हणालो, "आज काम झालं." ती म्हणाली, "बरं." तिला माझं 'काम झालं' चांगलं माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी पॅकिंगमध्ये गेलो तर सगळीकडे शांतता. बातमी माझ्याआधी, रात्रीच पोचली होती. मावशी खोक्याला टेप लावत होती, तिने मान वर केली नाही. आबा ट्रॉली ओढून आणत होता. मी म्हणालो, "काय आबा, कसं काय?"

"ठीक साहेब. लोडिंगमध्ये हा दुखरा गुडघा किती चालतो, ते बघू." एवढंच बोलून तो आत गेला. तक्रार नाही, राग नाही.

मावशीने मात्र टेप तोडला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, बसणं वाया जातं म्हणता. मग तुम्ही न बसता तपासून दाखवा ना एक ट्रॉली. आम्ही टाळ्या वाजवू."

"दाखवतो की," मी म्हणालो. मी मूळचा नाशिकचा, माझा इगो लगेच उठतो.

बायकांनी मला मागे वळून उभं राहायला लावलं आणि बाजूला काढलेल्या मालातली एक परक्या लॉटची बॉबिन त्या ट्रॉलीत कुठेतरी घुसवली. मी आबाचा काळा गाऊन घातला. बाहेरच्या लखलखीत उजेडातून ट्रॉली ओढत आत नेली, पडदा सारखा केला आणि न बसता तपासायला लागलो. एकेक ओळ. सगळ्या बॉबिन मला सारख्या दिसल्या. खरं सांगायचं तर सगळ्या मला तेवढ्याच अंधुक दिसल्या. डोळ्यांपुढे हिरवे-पिवळे ठिपके नाचत होते. मी मोठ्याने म्हणालो, "ट्रॉली ओके!"

बाहेरून टाळ्या आल्या नाहीत, खिदळण्याचा आवाज आला.

आबा माझ्यामागून आत आला. खोक्यावर बसला. मला म्हणाला, "बसा साहेब, इकडे जागा आहे." मी बसलो. "मिटा डोळे." मी मिटले. किती वेळ गेला माहीत नाही, कारण पहिल्यांदाच मी स्टॉपवॉच सुरू केलं नव्हतं. पंख्याची घरघर, पलीकडच्या मशीनांचा सततचा गजर आणि बाजूला आबाचा सावकाश चाललेला श्वास. सतरा वर्षांत कारखान्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"उघडा."

मी उघडले. तिसऱ्या ओळीत, उजवीकडून दुसरी. बाकीच्या निळसर आणि ती जराशी पिवळट, शिळ्या दुधासारखी. इतकी स्पष्ट, की आधी दिसली कशी नाही याचंच नवल वाटावं.

"उजेडातून आलं की डोये अंधाराले बसाले पाहिजे ना साहेब," आबा म्हणाला. "नाहीतर ती बॉबिन सुरतेला जाते आणि पट्टा होऊन परत येते."

"पण मग तुम्ही उजेडात जाताच कशाला?" मी शेवटी एक साधा प्रश्न विचारला. "आतच थांबायचं."

"ट्रॉली कोण आणणार? आधी एक माणूस होता बाहेर. ढकलून द्यायचा, घेऊन जायचा. मी दिवसभर आतच. तेव्हा बसायची गरज नव्हती."

"मग त्याला कोणी काढलं?"

आबा ती पिवळट बॉबिन काढून बाजूला ठेवायला लागला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याला फार अवघड झालं आहे हे कळत होतं. पडद्याबाहेरून मावशीचा आवाज आला, "सांगा ना आबा! असेच एक साहेब घड्याळ घेऊन आले होते म्हणा. कोपऱ्यात उभे राहिले, आकडे लिहिले आणि म्हणाले, ट्रॉलीवाला दिवसातून अर्धा वेळ नुसता उभा असतो."

मला ते आठवलं. सहा-सात वर्षांपूर्वी, याच खोलीच्या बाहेर. पडदा उचलून आत डोकावायचीही तसदी मी तेव्हा घेतली नव्हती. त्या अहवालातली लाल पट्टी 'उभे राहणे' ही होती.

थोड्या वेळाने मी बाहेर येऊन मावशीला विचारलं, "ट्रॉल्या आत ढकलायच्या आणि तपासलेल्या बाहेर ओढायच्या, एवढं तुम्हाला पाळीपाळीने जमेल का? आबांना बाहेर यायला लागू नये म्हणून."

"न जमायला काय झालं? माल येईपर्यंत आम्ही उभ्याच असतो की." मग कमरेवर हात ठेवून, "आणि साहेब, आम्हाला विचारलं कोणी आजवर?"

दुपारी सुताराला बोलावून आम्ही त्या खोलीच्या तोंडाशी, मध्ये एक ट्रॉली मावेल एवढं अंतर सोडून, दुसरा जाड पडदा लावला, म्हणजे ट्रॉली येताना उजेडाची तिरीपही आत जाणार नाही. बायका पाळीपाळीने ट्रॉली ढकलायला लागल्या. आबा आतच राहिला, खोक्यावर एकदाही न बसता. संध्याकाळी ट्रक नेहमीसारखेच आले, पण रांग लागायच्या आत पहिले दोन भरून भिलाडच्या रस्त्याला लागले. मावशीने मला हात करून दाखवलं, "हॉर्न ऐकू येतोय का?" येत नव्हता.

शनिवारची मीटिंग मला आयुष्यभर लक्षात राहील. प्लांटप्रमुखांनी माझा अहवाल पडद्यावर उघडून ठेवला होता, लाल पट्टीसकट. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की हा अहवाल चुकीचा आहे. बसणं हे काम आहे. आणि ते काम वाढलं, कारण बाहेरचा माणूस काढला. आणि तो माणूस काढायची शिफारसही माझीच होती.

ते चहाचा कप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "एटले? पहेला पण तमे ज, आ वखते पण तमे ज?"

"हो साहेब, दोन्ही वेळा मीच."

"तर मग लोडिंगला कोणाला टाकू? आबांना की तुम्हाला?"

खोलीत बाकीचे हसायला लागले. मीही हसलो, पण आधी त्यांचा चेहरा बघून. मग मी शुक्रवारच्या दुपारचे आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आबा जिथे आहेत तिथेच. पडद्याचं पक्कं काम करून घ्या. आणि बायकांना पाळी लावून द्या, एकाच बाईच्या गळ्यात नको पडायला." मग पुढचा विषय निघाला, बॉयलरचा.

मीटिंग संपल्यावर मी थेट पॅकिंगला गेलो. आबा आत होता. मी बाहेरच्या पडद्याला हात न लावता हाक मारली, "आबा, सोमवारी इथंच या बरं का!"

आतून बॉबिन जागेवर ठेवल्याचा आवाज आला. मग, "येतो साहेब." आणि लगेच, "ट्रॉली पाठवा." मावशीने ट्रॉलीला जोर लावला आणि मला कोपराने बाजूला सारलं, कारण मी वाटेत उभा होतो.

घरी आलो तेव्हा बायको बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. शर्ट, खोका, सुरतेचा पट्टा, मीटिंग, काहीही वगळलं नाही. अधूनमधून ती हसली. गुडघ्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. मी सांगून संपवलं आणि एक मोठा श्वास सोडून म्हणालो, "वाचला बिचारा. आणि मीही."

तिने मेथीची एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "मोजायला दोन दिवस लागले आणि विचारायला एक मिनिट. अहो, आधी विचारलं असतंत तर गुरुवारची रात्र तो माणूस नीट झोपला असता."