सात नंबर गेटवरची बर्फाची पेटी

लॉरेटा हुदाकबाईंनी उभ्या आयुष्यात एकाच माणसावर विश्वास ठेवला, तो नवऱ्यावर. तोही लग्नाआधी वर्षभर त्याची चौकशी करून. मग काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम केलं: लोणच्याची बरणी उचलायची, दिव्यासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला फेकायची. तडा गेलेली एक बरणी त्यांच्या हातून सुटली असेल तर शपथ!

कारखाना बंद पडला. नवरा गेला. मुलगी ॲरिझोनाला निघून गेली आणि तिथून नाताळला फोन करू लागली. बाईंना उरले ते हिवाळ्याआधीचे, सामन्यांचे शनिवार. कॉलेजच्या 'साळिंदर' संघाच्या फुटबॉल स्टेडियमचं सात नंबरचं गेट, अंगात पिवळं जाकीट, समोर टेबल, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी. गावात म्हणत, देव जरी आला तरी लॉरेटा त्याला खिसे उलटे करायला लावेल. गावच्या पाद्र्याचा सूपचा थर्मास त्यांनी हुंगून पाहिला होता, हे तर मी स्वतः पाहिलंय. "फादर असलात म्हणून काय झालं? झाकण उघडा."

शेजारी बावीस वर्षं क्लीटस बार्नहार्ट. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, सदा हसतमुख. तो तिकिटं बघायचा, बाई पिशव्या. मध्यंतरात बाई पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, काढायच्या, तो कॉफी. आणि दोघांमध्ये न बोलता ठरलेला एक नियम होता: गेटवरच्या माणसाने गेटवरच्या माणसाचं सामान उघडायचं नाही.

यंदा ऑगस्टमध्ये कॉलेजने ब्रँट ओस्टर नावाचा नवा साहेब आणला. काम काय, तर सामन्यांना गर्दी आणणं आणि स्टेडियममध्ये जोश भरणं. गेटवरच्या लोकांनी त्याचं बारसं लगेच उरकलं: गर्दीवाले. गर्दीवाल्यांनी आल्या आल्या सांगितलं, "पोरं मध्यंतरातच पळतात. शेवटच्या, चौथ्या सत्राला बाकं रिकामी दिसतात, टीव्हीवर लाज जाते. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर आपलं ॲप. चौथं सत्र सुरू होताना जो फोन आत असेल, त्याला गुण. गुणांवर टोपी, पिझ्झा, मोठ्या सामन्याचं पुढच्या रांगेतलं तिकीट. आणि ज्या भागात दोनशे विद्यार्थी टिकणार नाहीत, तो भाग पुढच्या वर्षी ताडपत्रीने झाकायचा. त्याचं गेटही बंद."

सात नंबरच्या वर सोळा नंबरचा भाग. तिथे शंभर टिकले तरी डोक्यावरून पाणी. बाईंनी त्या दिवशी घरी जाऊन जाकीट धुतलं, इस्त्री केलं आणि कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसल्या.

पण झालं भलतंच. पहिल्याच सामन्याला ॲपने सोळा नंबरला दोनशे चार दाखवले. दुसऱ्याला दोनशे नऊ. गर्दीवाले खूश! बाईंनी मात्र जिना चढून डोकी मोजली. एकशे एकतीस. खाली येऊन पुन्हा वर गेल्या, पुन्हा मोजली. त्यात दोन तर बाहुल्या निघाल्या, कुणीतरी बाकावर बसवलेल्या. मग बाकीची माणसं गेली कुठे? इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ओळखलं.

आणि मग क्लीटसची ती पेटी. निळी, बर्फाची. पूर्वी तो कॉफीचा थर्मास घेऊन यायचा, बास. यंदा पेटी. नोव्हेंबर उजाडला, नाकं गारठून लाल झाली, तरी याची बर्फाची पेटी आहेच!

"एवढ्या थंडीत बर्फ कशाला रे तुला?" बाईंनी विचारलं.

"गुडघ्याला लावतो."

"कुठल्या?"

"डाव्या."

पुढच्या शनिवारी तो उजवा गुडघा चोळत होता. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शिवाय दर सामन्यात, चौथं सत्र सुरू झालं की त्या पेटीतून टिंग टिंग टिंग असा आवाज यायचा. एक नाही, ढीगभर. आणि क्लीटस नेमका तेव्हाच खोकायचा. बर्फ कधी वाजतो का?

हा मेला पोरांचे फोन चोरतो. बाईंच्या मनाने घेतलं. वाईट वाटलं? वाटलं ना. बावीस वर्षं या माणसाच्या हातची कॉफी प्यायलेली. पण तडा तो तडा. गुरुवारी त्यांनी गर्दीवाल्यांना गाठून सांगितलं, "सात नंबरला चोरी होते आहे. शनिवारी चौथ्या सत्राच्या तोंडावर या. मी दाखवते."

शनिवारी तिसरं सत्र संपत आलं. क्लीटस लघवीला गेला आणि बाईंना राहवेना. साहेब येण्याआधी आपण एकदा डोळ्यांनी बघावं. बावीस वर्षांचा नियम मोडून त्यांनी झाकण उघडलं. आत फोनच फोन! जुने, पिचलेले, काचा फुटलेले, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि त्यावर नाव.

"बघितलंस शेवटी," मागून क्लीटस म्हणाला.

"लाज नाही वाटत? बस चालवायचास तेव्हा हीच पोरं तुला काका म्हणायची!"

"अगं, चोरले नाहीत. त्यांनीच दिलेत. घरात पडून असलेले जुने फोन, ॲप चालू केलेले. त्यांना घरबसल्या गुण मिळतात, आपला आकडा दोनशेच्या वर जातो. दर शुक्रवारी ऐंशी फोन चार्ज करतो मी. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही."

"पण कशासाठी हा उपद्व्याप?"

क्लीटसने टोपी काढून डोकं खाजवलं. "गेट बंद झालं तर माझं काय, मी सोफ्यावर लोळून टीव्हीवर सामना बघेन. तू कुठे जाणार, लॉरेटा? शनिवारी तू कुठे जाशील?"

या माणसाला आपण चोर ठरवलं. आणि आता समोरून गर्दीवाले ताडताड येत होते.

"दार लाव," त्या कुजबुजल्या. "म्हणजे, झाकण! झाकण लाव! मी त्यांना बोलावलंय."

"काय केलंस?"

उत्तर द्यायला वेळ कुठे होता? बाई धपकन पेटीवर बसल्या.

"मिसेस हुदाक," गर्दीवाले म्हणाले, "कुठे आहे ती चोरी? आणि या पेटीत काय आहे?"

"बर्फ," बाई म्हणाल्या. "मी तपासलाय." तपासलेल्या वस्तूबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच त्या खोटं बोलल्या.

"उघडता का जरा?"

मैदानात शिट्टी झाली. तिसरं सत्र संपलं. आता गुण जमा झाल्याचं सांगत ऐंशी फोन एकदम वाजणार, आणि स्टेडियम इतकं थंड पडलेलं की टाचणी पडली तरी ऐकू यावी. खालून पेटी थरथरायला लागलीसुद्धा.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. उजव्या हाताची चार बोटं आकाशात उंच केली. चौथं सत्र आलं, आता खरी लढाई, म्हणून इथे पूर्वी सगळं गाव असा हात वर करायचं. अलीकडे कोण करतं? आणि एकतीस वर्षं यंत्रांच्या आवाजावर ओरडून कमावलेल्या गळ्याने त्यांनी आरोळी ठोकली, "साळिंदरांनो! काटे बाहेर!"

गेटवरच्या माणसाने ओरडायचं नसतं, तो नियम. वर सोळा नंबरमधलं एक म्हातारं जोडपं दचकून वळलं. आजोबांनी चार बोटं वर केली. "काटे बाहेर!" मग त्यांच्या मागची पोरं हसत उठली. बाई पुन्हा ओरडल्या, क्लीटस त्यांच्याही वर ओरडला, आणि बघता बघता तो सगळा भाग पाय आपटायला लागला. लोखंडी बाकांचा असा दणदणाट झाला की पेटीचं टिंग टिंग कुणाच्या बापाला ऐकू येईना.

गर्दीवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं. "हेच!" ते फोनवर चित्रीकरण करत ओरडले. "तीन महिने मी हेच शोधतोय! मिसेस हुदाक, दर सामन्याला तुम्हीच हे करायचं. सात नंबर गेटवरूनच!" जाता जाता मात्र त्यांना आठवलं. "आणि ती चोरी?"

बाईंनी क्लीटसकडे पाहिलं नाही. "माझी नजर चुकली, साहेब. वय झालं आता."

हे वाक्य म्हणणं त्यांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पुढच्या शनिवारी क्लीटसने पेटी टेबलावर ठेवली आणि स्वतःच झाकण उघडलं. "घे, तपास. आता तुझ्यापासून काय लपवायचं?"

बाईंनी एक फोन उचलला, सवयीप्रमाणे उजेडात धरला. काच आडवी तडकलेली. दुसरा उचलला. तोही तडकलेला. तिसरा, चौथा, सगळे तसेच.

"सगळ्यांना तडे आहेत रे," त्या म्हणाल्या.

"मग? बाजूला काढतेस?"

बाईंनी चारही फोन एकेक करून जपून पेटीत ठेवले आणि झाकण लावलं. "असू दे. जाऊ दे आत."