दोष खळीचा होता

बंद करून पिशवीत ठेवलेल्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपली, तर तुम्ही चोर कुणाला ठरवाल?

मी मोबाईल दुरुस्तीवाल्या काकांना ठरवलं होतं. तेव्हा मी कॉलेजात होते, फोनला अजून बटणं होती. शाहूपुरीतल्या त्यांच्या टपरीवजा खोक्यातून नवी बॅटरी घेतली आणि चार दिवसांत हे सुरू झालं. आमचं घर चळवळीतलं; गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. अन्याय दिसला की छापायचं, एवढंच ठाऊक. 'ग्राहकांनो, या दुकानापासून सावध!' असं गुलाबी कागदावर छापलं, त्यांच्याच गल्लीत वाटलं, भिंतींवर चिकटवलं आणि एक प्रत घेऊन जाब विचारायला गेले.

काकांनी ती शेवटपर्यंत वाचली. "लिवलंयस झ्याक. आता फोन दे बघू."

बॅटरी काढून त्यांनी काट्याच्या मीटरमधून फोनला करंट जोडला.

"फोन बंद हाय न्हवं?"

"हो."

"मग काटा शून्यावर पायजे. ह्यो का हलतोय?"

फोन उघडून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बॅटरी टेकते त्या पट्ट्यांमध्ये निळसर थर वाळून बसला होता.

"काय सांडलंस पोरी?"

मी ओळखलं. आमची खळ! आई कणकेची खळ शिजवायची आणि झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून तीत मोरचूद टाकायची. त्या गरम खळीचा वास आजही आठवतो. घरची पत्रकं चिकटवताना तसल्या हातांनीच मी फोन उचलायचे, बॅटरी काढायचे, घालायचे.

"मोरचूद ओल धरतंय," काका म्हणाले, "मग बंद फोनातनं बी करंट झिरपतोय. बॅटरी बिचारी काय करंल?"

थिनर आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्यांनी पट्ट्या स्वच्छ केल्या. काटा शून्यावर जाऊन बसला.

"आता माफीचं पत्रक काढ की!" ते हसले.

भिंतींवरची पत्रकं मी नखांनी खरवडली. आईची खळ सहज सुटत नव्हती. माफीचं पत्रक मात्र काढलं नाही. लाज आडवी आली. दुकानापुढची गर्दी ओसरताना रोज येता-जाता बघत राहिले. वर्षभरात खोकं बंद झालं. काका कुठं गेले, कुणालाच सांगता आलं नाही.

तेव्हा त्या गल्लीत मी वाटलेला तो गुलाबी कागद तुमच्या जुन्या वहीत सापडला, तर फाडू नका. त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहा: दोष खळीचा होता. आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा.