जिन्यानं येणारा लिफ्टवाला

लिफ्ट बसवताना आधी वरून खालपर्यंत तारा सोडतात, त्यांच्या टोकाला वजन बांधतात आणि त्या सरळ रेषेवरून लोखंडी रूळ उभे करतात. त्या लटकत्या वजनाला ओळंबा म्हणतात. हा गडी कामावर लागला तेव्हा इतका सडसडीत आणि ताठ होता, की कामावरच्या जोडीदारानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ओळंबा ठेवून टाकलं. पुढे पोट सुटलं, केस विरळ झाले, चष्मा लागला, पण नाव काही सुटलं नाही. नव्यानं कामावर आलेल्या कुणी विचारलंच, “यांना ओळंबा का म्हणतात हो?” तर जोडीदार त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणायचा, “खालचं वजन दिसत नाही का?”

ओळंबाही हसायचा. पन्नाशी उलटली होती, पण दुरुस्तीच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर जायचं तर लिफ्टनं, घरी यायचं तर स्कूटरवर, आणि घरी आलं की सोफ्यावर. बायको कधी म्हणाली, “अहो, जरा पाय मोकळे करून या,” तर त्याचं उत्तर ठरलेलं, “दिवसभर राबतो मी. आणखी काय व्यायाम करायचा?”

मग ती दुपार आली. एका उंच इमारतीतली वीज गेली आणि एक निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध. अशा वेळी एकानं लिफ्टच्या दाराशी थांबायचं आणि दुसऱ्यानं गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक सैल करायचा, चाक हातानं फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. जोडीदार दाराशी थांबला. गच्ची ओळंब्याच्या वाट्याला आली.

पहिले दोन मजले तो तरातरा चढला. चौथ्यावर श्वास पुरेना. पाचव्यावर मांड्या अशा थरथरायला लागल्या, की कठडा धरून तो पायरीवरच बसला. एका दारातून कुणीतरी खुर्ची आणून दिली, कुणी पाणी दिलं. वरून जोडीदाराचा आवाज आला, “अरे, पोचलास का? बाई विचारताहेत!” ओळंब्याला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या शरीराची भीती वाटली.

उठत, बसत, कसाबसा तो वर पोचला. मेन स्विच बंद केला. क्षणभर भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग काम केलं, नेहमीसारखं नेटकं. खाली जोडीदारानं दार उघडलं, शिक्षिका बाहेर आल्या. घामाघूम, पण ताठ. एवढ्यात ओळंबाही जिन्यानं खाली आला. त्याचा पांढराफटक चेहरा बघून त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही बसा आधी. माझं काय, मी आत नुसती उभीच होते.”

जिच्या सुटकेसाठी गेलो तीच आपल्याला बसायला सांगतेय, हे त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवशी साहेब आडून आडून म्हणाले, “आता ऑफिसातच बसा की. तक्रारींचे फोन घ्यायला अनुभवी माणूस हवाच आहे.” ओळंब्यानं विचार करायला वेळ मागितला आणि तडक डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. “हृदय ठीक आहे. रक्तदाब थोडा वर आहे, त्यावर लक्ष ठेवू. पण पायांतली ताकद गेलीय तुमच्या. या वयात न वापरलेले स्नायू शरीर सांभाळत बसत नाही.”

“परत येईल?”

“येईल. पण एका उडीत नाही.”

शेवटचं वाक्य त्यानं ऐकलंच नाही. त्याच संध्याकाळी झगझगीत बूट आणले, जिममध्ये नाव घातलं आणि पहाटे उठून धावायला लागला. कॉलेजातल्या पोरांच्या शेजारी उभं राहून त्यांच्याएवढी वजनं उचलली. तीन आठवडे घरात त्याच्याच व्यायामाची चर्चा. चौथ्या आठवड्यात गुडघा टम्म सुजला, कंबर धरली आणि बूट पलंगाखाली गेले.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर उभं राहून लोकांना गोळ्या कधी आणि किती घ्यायच्या ते सांगायची. गुडघ्याला मलम चोळता चोळता ती म्हणाली, “तुमच्यासारखी गिऱ्हाइकं रोज बघते मी. आठवड्याच्या गोळ्या एकदम घेतल्या तर लवकर बरं वाटेल का, असं विचारणारी.”

“टोमणे मारू नकोस. मग काय करू ते सांग.”

“इतकं थोडं करा, की नाही म्हणायची लाज वाटेल. सकाळी चहा उकळेपर्यंत काय करता तुम्ही?”

“चहाकडे बघतो.”

“तो बघितल्यानं लवकर उकळत नाही. तेवढ्या वेळात खुर्चीतून उठा आणि बसा. हात न टेकता.”

त्याला हसूच आलं. हा काय व्यायाम झाला? पण गुडघ्याची सूज उतरल्यावर एका सकाळी करून बघितलं आणि तिसऱ्यांदा उठताना हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेले. हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. मग ओट्याच्या कडेला हात टेकून तिरकं होत छाती खाली नेणं आणि वर येणं सुरू झालं. कधी बायकोही शेजारी येऊन टाचा उचलून उभी राहायची. दोघं ओट्याशी अशी वरखाली होत असताना एकदा दूधवाल्यानं खिडकीतून पाहिलं आणि काही न विचारता पिशवी ठेवून निघून गेला.

कामावर त्यानं स्वतःपुरता नियम केला. बोलताना धाप लागत नाही तोवर जिना, लागली की मुकाट्यानं लिफ्ट. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावरच लिफ्टचं बटण दाबावं लागायचं. जोडीदाराला तर रानच मोकळं मिळालं. “अरे, लिफ्टवाला जिन्यानं येतोय! लोक म्हणतील, यांचाच लिफ्टवर भरवसा नाही!”

“म्हणू देत. तू हत्यारं घेऊन लिफ्टनं ये, मी तुझ्या मागोमाग पोचतो.”

हळूहळू तो खरंच मागोमाग पोचायला लागला. पोट फारसं कमी झालं नाही, पण पँट चढवताना भिंतीचा आधार घ्यावा लागेना, झोप गाढ लागायला लागली. साहेबांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, “फोन दुसऱ्या कुणाला द्या साहेब. माझी जागा मशीन रूममध्येच आहे.”

सगळं सुरळीत चाललं असं नाही. आई गेली, त्या महिन्यात खुर्ची, जिना, सगळं सुटलं. रात्रीची झोप नाही, जेवणाला वेळ नाही. घर जरा स्थिरस्थावर झाल्यावर एका सकाळी तो चहा उकळताना नुसता उभा होता. आतून मन म्हणत होतं, संपलं, गेलं सगळं पाण्यात. तेवढ्यात बायकोनं पायानं खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला, उठला. जिथं सोडलं होतं तिथून नाही, त्याच्या बऱ्याच खालून सुरुवात केली. पण या वेळी अंगाला वाट ठाऊक होती, आणि सुटलेलं पुन्हा धरता येतं हे त्याला तेव्हा कळलं. पुढे ताप आला, पाहुणे आले, बाहेरगावची कामं आली, तरी तो घाबरला नाही.

आई गेल्यावर वडील त्यांच्याकडे राहायला आले. हाडापेरानं दणकट, ऐंशीच्या घरातले, आणि उभ्या आयुष्यात पाण्याचा पेला स्वतः न घेतलेले. आरामखुर्चीत बसून हाका मारायचे, “सूनबाई, चष्मा! सूनबाई, पंखा!” एका सकाळी ते पलंग आणि कपाटाच्या मध्ये घसरून पडले. लागलं नव्हतं, पण उठता येईना. चेहरा अपमानानं लाल झाला होता.

ओळंबा त्यांच्या मागे गुडघ्यावर बसला. कुठं दुखत नाही ना, हे आधी नीट विचारलं. मग त्यांच्या काखेखालून हात घातले, एक पाऊल जमिनीवर घट्ट रोवलं आणि मांड्यांच्या जोरावर वडिलांना घेऊन सावकाश उभा राहिला. त्यांना पलंगावर बसवलं. वडिलांनी आधी सदरा नीट केला. मग म्हणाले, “मला उचललंस ते ठीक. पण तू जमिनीवरून उठलास कसा?”

“पायांवर, बाबा.”

“ते दिसलं मला. मला येईल का?”

“जमिनीवरून नाही लगेच. खुर्चीतून येईल.”

डॉक्टर बाईंना विचारून सुरुवात केली. खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच केली, समोर जड टेबल आणलं. पहिल्या दिवशी म्हातारा एकदाच उठला आणि जग जिंकल्यासारखा खाली बसला. काही आठवड्यांनी एक उशी निघाली. थंडी सरता सरता दुसरीही.

आता दाराची घंटा वाजली की वडील आधी उठतात, आणि कुणी पुढे झालंच तर डोळे वटारतात. परवा जोडीदार काही कामासाठी घरी आला, दार वडिलांनीच उघडलं. आत ओट्याशी ओळंब्याचं वरखाली चाललेलं होतं.

“या, बसा,” वडील जोडीदाराला म्हणाले, “त्याला थोडा वेळ लागेल.” आणि मग आत वळून मुलावर ओरडले, “अरे, पाठ सरळ ठेव! ओळंबा म्हणतात ना तुला?”